"हरकती मागवल्या होत्या" म्हणजे गावाला विचारलं असं होतं का?

ओढ्याकाठची:
काल इथे एकांनी लिहिलं, "पुण्यात गावं घेताना हरकती-सूचना मागवल्या होत्या. तेव्हा झोपलात, आता रडू नका." रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

30 जून 2021 ला 23 गावं महापालिकेत आली आणि ग्रामपंचायती संपल्या. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला. निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. साडेचार वर्षं या गावांनी निवडून दिलेला ना सरपंच, ना नगरसेवक. त्यात बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि कर महापालिकेकडे. तक्रार घेऊन जायचं कुणाच्या दारात?

आणि झोपलो नव्हतो. माझ्या वडिलांनी हरकत दिली होती. वहीची दोन पानं, सोबत ओढ्याचा हाताने काढलेला नकाशा. पोच म्हणून गोल शिक्का मिळाला, उत्तर आजवर नाही. ती पावती देवघराच्या खणात आहे.

विचारायचं तर निर्णयाआधी, गावात येऊन, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं. एवढंच मागणं आहे.

पेठेतला:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. ग्रामसभेला 100 माणसांचा कोरम भरत नाही, सभा तहकूब करून ठराव होतात. त्याला लोकांचा कौल म्हणायचं? कोल्हापूर बघा. 1972 ला महापालिका झाली, त्यानंतर पन्नास वर्षांत एकदाही हद्दवाढ नाही. विषय निघाला की गावं बंद. दवाखाना शहराचा, कॉलेज शहराचं, कर मात्र नको.

चौथा मजला:
कर नको असं कोण म्हणालं? घरपट्टी जाऊन मिळकतकर आला, भरतोय. पाणी कुठाय? मार्च लागला की आमच्या सोसायटीत रोज सहा टँकर. 2025 च्या जानेवारीत जीबीएसची (गुलियन-बॅरे, नसांचा आजार) साथ आली ती सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्यात. विहिरीच्या पाण्यावर संशय गेला तेव्हा कुठे सगळे हलले.

गावठाण:
टँकरचं रडगाणं आम्हाला नका सांगू. तुमची इमारत उभी राहताना पाण्याची सोय विचारली होती का? ओढ्यात भराव टाकून पार्किंग केलंत, पावसाळ्यात पाणी आमच्या गोठ्यात.

चौथा मजला:
भराव मी टाकला? मी वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं. सातबारा विकला तो तुमच्याच भावकीने!

गावठाण:
विकला, माझ्याच चुलत्याने. मुलीचं लग्न होतं. पण ओढा विकला नव्हता. तो कागदावरही होता, डोळ्यांनाही दिसत होता. आणि ग्रामसभेला कधी पाय ठेवलात? मतदार म्हणून तुमचाही हक्क होता.

चौथा मजला:
एकदा आलो होतो. "बाहेरचे" म्हणून मागे बसवलं. पुन्हा नाही आलो.

गावठाण:
ते चुकलंच. पण ओढ्याचं बोला.

ओढ्याकाठची:
दोघांनाही कुणी विचारलं नाही, म्हणून तर हे भांडण आज इथे चाललंय. पेठेतले, न विचारता घेतलं की काय होतं ते कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांत दिसतं. 1983 ला आत, 2002 ला बाहेर, 2015 ला पुन्हा आत. 2020 ला 18 गावं वगळली, तो निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. आपल्याकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी 2017 ला घेतली, 2024 ला काढून वेगळी नगरपरिषद केली. शहराच्या कचऱ्याचा वास तर त्यांनी आधीपासूनच सोसलाय.

पेठेतला:
27 गावांचं मान्य, पोरखेळ झाला. लेखी उत्तर द्यावं, त्यालाही माझी ना नाही. पण ग्रामसभेला नकाराधिकार दिलात तर एकही शहर वाढणार नाही.

ओढ्याकाठची:
नकाराधिकार मागितलाच नाही, वर वाचा. वडिलांनीही नकार लिहिला नव्हता. ड्रेनेजची लाईन ओढ्यातून नेऊ नका, एवढंच लिहिलं होतं. नेली तिथूनच.

गावठाण:
तो नकाशा इथे टाका.

चौथा मजला:
टाका. आमच्या पार्किंगखाली काय आहे ते मलाही बघायचंय.