मदत हवी आहे : विहिरीच्या खोदाईत मोठ्या विटा निघाल्यात

नमस्कार मंडळी. आम्ही कराडजवळचे, शेत कृष्णाकाठी. परवा विहीर खोदताना दहा-बारा फुटांवर विटा लागल्या. एक वीट माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरते, आत भाताच्या तुसाचे ठसे स्पष्ट दिसतात. सोबत काळ्या-तांबड्या खापराचे तुकडे. जेसीबी लगेच थांबवला.

आगाशिवची लेणी इथून दिसतात. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपावरच्या दानलेखांत ‘करहकट’ म्हणजे आपलं कराड आहे, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती निघाली होती. सातवाहनांच्या काळी हा पट्टा किती गजबजलेला असेल! म्हणून जीव अडकलाय. वडील म्हणतात, पाणी महत्त्वाचं. तेही खरंच आहे, ऊस वाळतोय.

१८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं वाचलं. तो विटा-खापरांनाही लागू होतो का? आधी तहसीलदारांकडं जावं की थेट पुरातत्त्व विभागाकडं? पाहणीला साधारण किती दिवस लागतात? आणि तोवर खापरं धुवायची की मातीसकट ठेवायची? कुणाला अनुभव असेल तर कृपया आजच सांगा, खड्डा उघडा आहे आणि आभाळ भरून आलंय.