मदत हवी आहे: मेणाच्या पुतळ्याशेजारी माणूस फिका का येतो?

संग्रहालयात सेलिब्रिटींच्या मेणाच्या पुतळ्यांसोबत मोबाइलवर फोटो काढायचे आहेत. फ्लॅश बंदच ठेवणार, कारण त्याने पुतळ्याच्या कपाळावर आणि नाकावर पांढरा डाग पडतो. खरी अडचण स्पॉटलाइटची. तो पुतळ्याच्या चेहऱ्यावर मारलेला असतो, शेजारचा माणूस झोताबाहेर राहतो. मग पुतळा जिवंत आणि माणूसच मेणाचा दिसतो! अर्धं पाऊल पुढे सरकलं तर उजेड मिळतो, पण वाइड लेन्सने चेहरा फुगतो. म्हणून २ पट झूम, २ ते अडीच मीटर अंतर, स्क्रीनवर पुतळ्याच्या गालावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर (स्पष्टता आणि उजेड) लॉक आणि मग उजेड किंचित कमी, एवढं ठरवलंय. शटर १/६० सेकंदापेक्षा संथ झालं तर माणूस हललेला येतो. पुतळ्याचं काय, तो स्थिरच.

आता प्रश्न. रंगीत एलईडीच्या दालनात व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवण्याची सेटिंग) हाताने ठरवावा, की रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून नंतर सुधारावा? दोन चेहऱ्यांवर दोन रंगांचा प्रकाश असेल तर एकाच सेटिंगने भागेल असं वाटत नाही. नाइट मोड बंद ठेवावा का?

शिवाय, मार्ग एकदिशा असेल आणि पहिल्याच दालनात गर्दी तुंबली असेल, तर पुढे जाऊन परत मागे येऊ देतात का?