पापनिवेदन, प्रार्थना आणि क्षमा : तुमचे अनुभव सांगा

राखेचा बुधवार होऊन गेला, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून विषय काढला. कॅथलिकांत पापनिवेदन, म्हणजे फादरना आपली पापं सांगून क्षमा मागणं, गोव्याकडे त्यालाच कुमसार म्हणतात, प्रॉटेस्टंटांत फादर जाळीआड बसतात तो बॉक्स नाही पण कबुली आहेच. प्रवचन नको, स्वतःचं लिहा. दुसऱ्याची पापं नकोत, नावं तर अजिबातच नकोत.

वसई
पहिल्या कम्युनियनच्या (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या) आधी सिस्टर म्हणाल्या पापं आठवून या, मी विसरेन म्हणून एसटीच्या तिकिटामागे पेन्सिलीने लिहिली. भावाला चावलो, शेजारचे पेरू चोरले, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, झोपलो. जाळीसमोर गुडघ्यावर बसलो तर अंधारात काही दिसेना, घाबरून नुसतं पेरू एवढंच म्हटलं. फादरनी विचारलं किती, म्हटलं चार. मरियेची 'नमो मरिया' ही प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली. तिकीट चड्डीच्या खिशातच राहिलं. आईने धुताना वाचलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते वाळवून घडी घालून माझ्या कंपासपेटीत होतं आणि मला शेजारच्या काकूंकडे राजेळी केळ्यांची फणी देऊन पाठवलं. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही, काकूंनीही विचारलं नाही.

नगर
आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे प्रभुभोजनाआधी (भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी) सगळे मिळून पापांगीकार, म्हणजे पापाच्या कबुलीची प्रार्थना, म्हणतात, छापील, त्यामुळे भराभर सुटतो तोंडातून. मी अडायचे ते प्रभूच्या प्रार्थनेत. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' आलं की गप्प, पदर सारखा कर, गीतपुस्तक चाळ. दिरांनी विहिरीच्या वाटणीत आम्हाला फसवलं होतं. दोन वर्षं असंच चाललं, मग एका रविवारी सासूबाई कानाशी म्हणाल्या, 'जसे' गाळतेस तर 'तशी तू आमची ऋणे' कुठल्या तोंडाने म्हणतेस गं. आता म्हणते, आवाज बारीकच निघतो. दीर अजून बोलत नाहीत.

परत वसईच
एप्रिल २०२१, पप्पा आयसीयूत, कुणाला आत सोडत नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०२० मध्येच सांगितलेलं, फादर मिळत नसेल तर थेट देवाशी बोला, मनापासून पश्चात्ताप करा, पापनिवेदनाला नंतर जमेल तेव्हा जा. आमच्या फादरना विचारलं तर म्हणाले फोनवरून पापमुक्ती देता येत नाही, पण तू त्यांच्यासोबत प्रार्थना म्हण. एका वॉर्डबॉयने फोन पप्पांच्या कानाशी धरला. मास्कमुळे त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता, मी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत होते आणि मध्येच मीच विसरले, तर पुढचा शब्द त्यांनी दिला. 'नंतर जमेल तेव्हा' काही जमलं नाही.

नाव नको
नियम मोडतेय, दुसऱ्याचंच पाप सांगतेय. नात्यातल्या एकाने भिशीचे पैसे उडवले, त्यात माझेही. दोन वर्षांनी प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली, प्रभूने माझं ओझं काढलं, सगळे हालेलुया, आणि मी तिसऱ्या रांगेत. काढलेलं ओझं ठेवलं कुठे, तर माझ्या डोक्यावर! बायबलमध्ये, लूक १९ मध्ये, जक्कय नावाचा जकातदार लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला. मला नुसतं मुद्दल दिलं तरी मी हालेलुया म्हणेन.

वरच्या ताईंना
आमच्यात, कॅथलिकांत, चोरीचं पाप असेल तर फादर आधी परत कर म्हणतात. पण नाही केलं तर ते बाहेर बोलू शकत नाहीत, जाळीआडचं मुद्दाम उघड करणारा फादरच बहिष्कृत होतो. म्हणजे तुमचे पैसे आमच्याकडेही अडकलेच असते, खोटं कशाला बोलू.

मडगाव, सध्या पुणे
सतरा वर्षं कुमसाराला गेलो नाहीये. जायचंय, पण आत गेल्यावर सुरुवातीला काय म्हणायचं तेच आठवत नाही.

वसई
मग तेच म्हण फादरना. फक्त पवित्र आठवड्यात, ईस्टरच्या आधीच्या, जाऊ नको, लाईन गेटपर्यंत असते.