आयसोलेशनिझमला मराठीत काय म्हणावं?

टिपणवही: १९४०-४१ च्या अमेरिकेवरचा एक लेख मराठीत आणतेय. युरोपात लढाई पेटलीय आणि इकडे लोक म्हणतायत, आपण त्यात पडायचं नाही. मी 'अलिप्ततावाद' लिहिलं. संपादक म्हणाले, वाचकाला नेहरू आठवतील. दुसरा शब्द आहे का?

गवतीचहा: खरंय, अलिप्त म्हटलं की नेहरू, नासर, टिटो. 'तटस्थता' घ्या की. १९३५ पासूनचे त्यांचे कायदे तटस्थतेचेच होते.

पाटीपेन्सिल: सरकारी धोरणाला ठीक, तेही सुरुवातीला. तटस्थ म्हणजे काठावर उभा, दोन्ही बाजूंपासून सारखाच लांब. मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा करून ब्रिटनला शस्त्रं पुरवायला निघालेली अमेरिका घोट्यापर्यंत भिजलेली होती. 'अलगतावाद'ही नको, हिंदी बातम्यांतला अलगाववादी म्हणजे आपला फुटीरतावादी.

गवतीचहा: 'विलगतावाद'?

पाटीपेन्सिल: करोना आठवतो हो.

टिपणवही: मग सरळ 'शांततावादी' म्हणू?

पाटीपेन्सिल: सगळ्यांना नाही. अमेरिकी प्रतिनिधिगृहातल्या जीनेट रँकिन खऱ्या शांततावादी. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरायच्या विरोधात मत दिलं. ८ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिनिधिगृहात जपानविरुद्धचा ठराव ३८८ विरुद्ध १ असा मंजूर झाला. तो १ म्हणजे या बाई. आता युद्धात उतरायला विरोध करणाऱ्या 'अमेरिका फर्स्ट' समितीच्या सभा गाजवणारा वैमानिक लिंडबर्ग घ्या. त्याला स्वतःच्या देशाचं सैन्य भक्कमच हवं होतं. ११ सप्टेंबर १९४१ ला डे मॉइनच्या भाषणात त्याने देशाला युद्धात ढकलणाऱ्यांत ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकारच्या जोडीला ज्यूंनाही बसवलं. याला शांततावादी म्हणायचं तर त्या शब्दाची कीव येते.

उंबरठा: तुम्ही सगळे 'इझम'च्या मागे लागलात, मला 'फॉरेन' जास्त अवघड वाटतो. ३० ऑक्टोबर १९४० ला बोस्टनमध्ये रूझवेल्टनी आईबापांना शब्द दिला, तुमची मुलं कुठल्याही फॉरेन युद्धात धाडली जाणार नाहीत. 'परदेशी युद्ध' लिहिलंत तर वाक्य झोपलं. 'परकं' लिहा. परदेशी म्हणजे लांबचं, परकं म्हणजे आपलं नसलेलं. हल्ला आपल्यावर झाला की युद्ध परकं उरतच नाही, ही पळवाट त्या शब्दातच होती. लोकांच्या मनातलं हवं असेल तर आमची आजी म्हणायची तसं 'विकतचं श्राद्ध' आहेच. लष्कराच्या भाकऱ्याही चालतील, इथे तर अक्षरशः!

गवतीचहा: श्राद्ध शीर्षकात नको, संपादकांना घेरी येईल.

टिपणवही: शीर्षकात 'परकं युद्ध नको' घेते. आत एकदाच 'अलिप्ततावाद', नेहरूंचा नव्हे असा खुलासा करून. आणि लिंडबर्गचा परिच्छेद परत लिहिते, तिथे मी चक्क 'शांतिदूत' लिहून बसलेय.