तपासणीला जायचं तर आडवं काय येतं?

मुंबईत धंदा करणाऱ्या बायकांसाठी हा धागा. सरकारी आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी फुकट होते, तरी ती राहून जाते. का? उपदेश नकोत, अनुभव लिहा. नाव, गल्ली, खोली नंबर टाकू नका.

पीअर ताई
आधी धंद्यात होते, आता पीअर आहे, म्हणजे आमच्यातल्याच बायांना तपासणीला नेणारी. कामाठीपुऱ्यात शेवटचं गिऱ्हाईक पहाटे जातं. सकाळी केंद्र उघडतं तेव्हा बाया नुकत्या आडव्या झालेल्या. उठून चहा होईतो तिथली वेळ संपत आलेली. घरवालीला, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईला, विचारावं तर म्हणते, "आज शनिवार, गर्दीचा दिवस. उद्या जा." उद्या रविवार, केंद्र बंद! मग आम्ही दुपारी खोलीतच कॅम्प लावला, बोटातून रक्त घेतलं. जिन्यापर्यंत रांग. सुईला भितात म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

लोकलवाली
मी गल्लीत नाही, फोनवर काम घेते. घरी केटरिंगला जाते असं सांगितलंय. कुठल्या संस्थेच्या यादीत नाव नाही, त्यामुळे बोलवायलाही कोणी येत नाही. जवळच्या दवाखान्यात आशाताई ओळखते, म्हणून लांब दादरला उतरते. तिथे सांगते, नवऱ्यावर संशय आहे. खरं सांगितलं असतं तर दर सहा महिन्यांनी या म्हणाले असते.

चौथा मजला
गिऱ्हाईक शेठ असो की हमाल, कंडोमशिवाय नाही. पण आदमी, म्हणजे माझा कायमचा माणूस? तो म्हणतो, "मी काय गिऱ्हाईक आहे?" तपासणीचं नाव काढलं की दोन दिवस जेवत नाही, रुसतो. मला काही त्रास नव्हता, पांढरं जात नव्हतं, खाज नाही. कॅम्पमध्ये रक्त दिलं आणि गरमी (सिफिलिस) निघाली. पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यालाही आणा, नाहीतर परत होईल. तो काही आला नाही. पुढच्या तपासणीत परत तेच. आता त्यालाही कंडोम. रुसू दे.

समुपदेशक
@चौथा मजला, बरं केलंत. बायकांत गुप्तरोग पुष्कळदा काहीच न दाखवता राहतात. आदमीचं मात्र आम्हालाही जमलेलं नाही, हे खरं.
२०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल तिसऱ्याला सांगायचा नाही. पण मधलं पार्टिशन प्लायवूडचं, बाहेर बाकावर घरवाली. "पोरगी ठीक आहे ना?" विचारतेच. मी सगळ्यांनाच सारखा वेळ आत बसवते, म्हणजे जास्त बसली म्हणून कुणी अर्थ काढत नाही.
आणि काल कंडोम फाटला म्हणून आज केलेली तपासणी पुरत नाही. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्याच्या, गोळ्यांबद्दल विचारा, पुन्हा तपासायची तारीखही घ्या.

लोकलवाली
तारीख घेतली तरी कार्ड ठेवू कुठे? सासू पर्स उपसते.

पीअर ताई
@लोकलवाली, माझ्याकडच्या बाया कार्ड माझ्याकडेच ठेवतात. तुझ्या बाजूला कोणी आहे का ते १०९७ या एड्स हेल्पलाइनला विचार, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. रविवारी चालू असणारं केंद्र कुणाला माहीत असेल तर इथे टाका.