मदत हवी आहे: जुन्या अमेरिकन फुटबॉलच्या फॉर्मेशन्स (शेंगदाणे मांडूनही कळेनात)

लोकहो, जरा मदत करा. आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. मुलगा टेन्थ ग्रेडला आहे आणि त्याने हिस्टरीच्या प्रोजेक्टला अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या फॉर्मेशन्स हा विषय घेतलाय. विषय त्याचा, पण रात्री अकराला डायनिंग टेबलवर डोकं धरून बसलेय मी. नवऱ्याला विचारलं तर म्हणे क्रिकेटची फील्ड लावून देतो, ह्यातलं मला काही विचारू नकोस.

आत्तापर्यंत जे कळलं ते असं. पहिली कॉलेज मॅच १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टनची, ती पण न्यू ब्रन्सविकला, म्हणजे आमच्या अगदी शेजारी. एकेका बाजूला २५ जण, रटगर्स ६-४ ने जिंकलं, पण तो प्रकार सॉकरसारखाच होता, बॉल हातात घेऊन पळायचंच नाही. मग १८८० ला येलच्या वॉल्टर कॅम्पने ११ खेळाडू आणि स्क्रिमेज आणलं, म्हणजे प्रत्येक डाव सुरू होताना बॉल कोणाचा ते आधी ठरलेलं. त्याचा लोकांनी लगेच गैरफायदा घेतला, १८८१ च्या प्रिन्स्टन-येल मॅचला एका हाफला एकाने बॉल धरून ठेवला, दुसऱ्या हाफला दुसऱ्याने, ०-०. पब्लिक वैतागलं. म्हणून १८८२ ला तीन डाउनमध्ये (म्हणजे तीन प्रयत्नांत) ५ यार्ड पुढे जा नाहीतर बॉल समोरच्यांना द्या, हा नियम आला आणि ते मोजायला मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. इथपर्यंत ओके.

घोडं अडलंय ते पुढे. ११ शेंगदाणे आणि ११ चणे मांडून बसलेय.

पहिली शंका, १८९२ ची फ्लाइंग वेज. हार्वर्डला ही आयडिया देणारा लोरिन डीलँड, गडी स्वतः कधी खेळलाच नव्हता, बुद्धिबळवाला आणि नेपोलियनच्या लढायांचा अभ्यास करणारा. दोन टोळ्या मागून दोन बाजूंनी पळत येणार, मध्ये जुळून व्ही होणार, बॉलवाला त्याच्या आत. पण हे तर येलविरुद्धच्या मॅचमध्ये किकऑफला (बॉलला किक मारून खेळ सुरू करतात तेव्हा) केलं ना? मग बॉल येलकडे जायला हवा, हार्वर्डकडे राहिलाच कसा???

दुसरी, एवढं मैदान मोकळं पडलेलं असताना सगळे एका जागी का घुसायचे? कबड्डीत साखळी करतात ती धरायला, इथे हे साखळी करून पळतायत.

तिसरी, कोच पॉप वॉर्नरची सिंगल विंग ही फॉर्मेशन. सेंटरने (लाइनच्या मधल्या, बॉल मागे देणाऱ्या माणसाने) बॉल थेट लांबच्या माणसाला दिला आणि क्वार्टरबॅक, जो एरवी बॉल घेऊन खेळ चालवतो, तो नुसताच उभा. मुलगा म्हणतो आई तू उलटं मांडलंयस.

स्टॅग आणि विल्यम्सचं फुटबॉलवरचं १८९३ चं पुस्तक उघडलंय, ६९ आकृत्या आहेत त्यात, पण मला ते मोडी वाचल्यासारखं होतंय. सोमवारी सबमिट करायचंय, प्लीज.

—

जुना_लाइनमन:
ताई, उलटं नाही मांडलंत, बरोबर आहे. सिंगल विंगमधला क्वार्टरबॅक म्हणजे मुख्यतः ब्लॉकिंग करणारा (समोरच्यांना अडवणारा), खरा हिरो टेलबॅक, म्हणजे तो तुमचा लांबचा माणूस, पळायचं, फेकायचं, किक मारायची सगळं त्यानेच. सेंटरच्या एका बाजूला चार शेंगदाणे ठेवा, दुसऱ्या बाजूला दोनच, आणि जड बाजूच्या टोकाला किंचित मागे एक, तो विंगबॅक. आता त्या बाजूला किती जण लोटतात बघा.

किकऑफचं म्हणाल तर ती पळवाट होती. किक मारणाऱ्याने बॉलला नुसता पायाचा स्पर्श करायचा आणि उचलून आपल्याच माणसाला द्यायचा, नियमात बसायचं ते! १८९४ ला किक किमान १० यार्ड गेलीच पाहिजे असं केलं तेव्हा हे थांबलं. आणि एवढं करून ती मॅच येलनेच ६-० जिंकली बरं का, हे प्रोजेक्टमध्ये घाला.

घुसाघुशीचं मूळ १८८८ मध्ये आहे. त्या वर्षी कमरेखाली गुडघ्यापर्यंत टॅकल करायला (धरून पाडायला) परवानगी दिली आणि ब्लॉक करताना हात पसरायला बंदी केली. मोकळ्यात पळणारा एकटा माणूस लगेच आडवा व्हायला लागला, मग सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहायला लागले. कोचच्या डोक्यातून आलं असं आपण म्हणतो पण आधी नियम बदलायचा, मग फॉर्मेशन.

—

अर्धवट_पुणेकर:
चक्रव्यूह आणि अभिमन्यू कोणीच कसं आणलं नाही अजून :)
ताई, १९०५ विसरू नका. माणसं मरत होती मैदानावर, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून घेतलं होतं. १९०६ ला फॉरवर्ड पास (बॉल पुढे फेकणं) आला आणि तीन डाउनमध्ये ५ ऐवजी १० यार्डचा नियमही.

—

शेंगदाण्याची_आई (धागाकर्ती):
दादा, खूप खूप आभार, चार-दोन करून बघितलं आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मुलाला दाखवलं तर म्हणतो हे तर वाइल्डकॅट आहे (बॉल क्वार्टरबॅकऐवजी थेट पळणाऱ्याला), मायामी डॉल्फिन्सवाले २००८ ला खेळले होते ते. म्हणजे जुनंच परत आलं होय. पण १९०६ ला पास आला तर सगळे लगेच फेकायला का नाही लागले?

—

जुना_लाइनमन:
कारण पास कोणाचा हात न लागता जमिनीवर पडला की बॉल सरळ समोरच्यांना. कोण रिस्क घेणार? बॉलही आजच्यापेक्षा जाडजूड होता, नीट पकडता यायचा नाही. बॉलवाल्याला मागून ढकलणं बंद आणि पुढच्या लाइनवर सात जण पाहिजेतच, हे १९१० ला आलं. १९१२ ला चौथा डाउन मिळाला. त्याच वर्षी वॉर्नरच्या कार्लाइल इंडियन स्कूलने आर्मीला २७-६ हरवलं, जिम थॉर्प हा नामवंत खेळाडू होता त्या टीममध्ये. प्रोजेक्ट तिथे संपवा, नाहीतर १९४० च्या शिकागो बेअर्सच्या ७३-० विजयापर्यंत जाल आणि रविवार जाईल.

—

शेंगदाण्याची_आई (धागाकर्ती):
नाही नाही, १९१२ ला फुलस्टॉप. तसेही डिफेन्सचे चार चणे पोराने खाल्लेत.