टॉप टेन शाळेपासून दोन किलोमीटरच्या आत घर? कशासाठी?

बिनव्याजी
परवा इथेच एक सल्ला वाचला: "मूल दोन वर्षांचं झालं की टॉप टेन यादीतली शाळा बघा आणि तिच्यापासून दोन किलोमीटरच्या आत फ्लॅट घ्या. प्रवेशही मिळतो, विकताना भावही." खाली अंगठ्यांची रांग. प्रतिसाद लिहायला घेतला, लांबला, म्हणून वेगळा धागा.

प्रवेश मिळतो हे कुणी सांगितलं? महाराष्ट्रात खाजगी शाळेला हद्द नसते. तिच्या कंपाउंडला भिंत लावून राहिलात तरी मुलाला जागा देणं तिच्यावर बंधनकारक नाही.

आता पैसे. त्या गल्लीत फ्लॅट दहा लाखांनी महाग धरू. ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता साधारण ८,६८० रुपयांनी वाढतो, म्हणजे त्या दहा लाखांचे पावणेएकवीस लाखांच्या वर जातात. शहरानुसार सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क धरा, आणखी साठ-सत्तर हजार. शाळा दहा वर्षांची, कर्ज वीस वर्षांचं. पोरगं नोकरीला लागलं तरी बाप शाळेच्या नावाने हप्ते भरतोय. ८,६८० मध्ये व्हॅन येत नाही का?

सातासमुद्रापार
हिशेब छान, पण अर्धवट. अमेरिकेत शाळेचा दर्जा घराच्या किमतीत दिसतो, आणि ही काही एजंटची थाप नाही. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांचा १९९९ चा अभ्यास बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचे गुण ५ टक्क्यांनी जास्त, तर घराला सुमारे २.५ टक्के जास्त मोजायची लोकांची तयारी. घरांच्या जाहिरातीतच शाळेला दहापैकी किती ते छापलेलं असतं. भारत त्याच वाटेवर आहे.

बिनव्याजी
त्या अभ्यासाची सगळी खुबी कशात होती तेही सांगा की. शाळांच्या हद्दीच्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली होती. वस्ती तीच, रस्ता तोच, फक्त शाळा वेगळी. आपल्याकडे ती रेषाच नाही, मग त्या अडीच टक्क्यांचं इथे काय करायचं? तुम्ही तिथे घराबरोबर शाळेचा हक्क विकत घेता. इथे हॉर्न आणि डबल पार्किंग मिळतं, रोज सकाळ-दुपार, फुकट.

नकाशेवाला
मूळ प्रश्न निराळाच आहे: ती यादी मोजते काय? बऱ्याच याद्यांचा पाया म्हणजे पालक-प्राचार्यांना विचारलेली मतं. ज्या शाळेचं नाव जास्त लोकांनी ऐकलंय, ती वर.

आणि '१०० टक्के निकाल'वाला फलक बघून घर घेणाऱ्यांसाठी: तो निकाल नियमित विद्यार्थ्यांचा असतो. नववीत कच्ची वाटणारी मुलं दाखला देऊन वाटेला लावली, की ती १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसतात. नापास झाली तरी फलकाला डाग नाही.

हे ओळखायला यूडायसवर (शाळांच्या माहितीची सरकारी वेबसाइट) जा. शाळेचा अकरा अंकी कोड (आपला २७ ने सुरू होतो) टाकला की इयत्तावार पट दिसतो. एकाच वर्षाची आठवी आणि दहावी ताडू नका, तुकड्या वाढलेल्या असू शकतात. यंदाची दहावी आणि दोन वर्षांपूर्वीची आठवी घ्या. तेव्हा १६० होती आणि आता ११८ असतील, तर ती ४२ मुलं कुठे गेली हे विचारायचं. त्याच पानावर शिक्षकसंख्या असते. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीस, हा कायद्यातला निकष.

त्रिज्या
"हद्द नसते" हे ठामपणे लिहिण्याआधी आरटीई (शिक्षण हक्क कायदा) आठवायचं होतं. खाजगी शाळेत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांना अंतरच लागतं. आधी एक किलोमीटरच्या आतले अर्ज, मग एक ते तीन. ९५० मीटर आणि १,०५० मीटर यांत लॉटरीच्या रांगेचा फरक पडतो. तेव्हा त्रिज्या बघून घर शोधणारे सगळेच मूर्ख नव्हेत.

करदाता
हो का? लाखाच्या आत उत्पन्न आणि टॉप टेन शाळेशेजारी फ्लॅट. वा! मार्चमध्ये अकरा महिन्यांचा भाडेकरार, जूनमध्ये प्रवेश, जुलैत पुन्हा जुन्या घरी. हा खेळ सगळ्यांना माहीत आहे.

त्रिज्या
एक लाखाची अट आर्थिक दुर्बल गटाला आहे. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, दिव्यांग मुलं, सगळी त्यात येतात. आधी नियम वाचा, मग टाळ्या वाजवा.

आणि भाडेकरारही कसाही चालत नाही. नोटरी केलेला नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा हवा आणि मुदत किमान अकरा महिने. पडताळणीत मूल त्या पत्त्यावर राहत नाही असं निघालं तर प्रवेश रद्द.

प्रामाणिक माणसांचे अर्ज जातात ते फालतू कारणांनी. नकाशावर घराचं ठिकाण दाखवणारा बलून पाचच वेळा हलवता येतो. सायबर कॅफेवाला घाईत चौकात ठेवतो, मोठ्या संकुलात लोक गेटवर ठेवतात आणि इमारत असते दोनशे मीटर आत. मग पत्ता आणि ठिकाण जुळत नाही. निवासाच्या पुराव्याला गॅसचं पुस्तक चालत नाही, बँकेचं पासबुक राष्ट्रीयकृत बँकेचंच लागतं. शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात, आणि एका मुलाचे दोन अर्ज भरले तर तेही अंगाशी येतं.

करदाता
नियम कागदावर झकासच असतात. पडताळणी करणार कोण, समितीला घरोघर फिरायला माणसं आहेत का?

त्रिज्या
नाहीत, मग माणसं मागा. गरिबाच्या पोरावर संशय कशाला? फी बुडवणाऱ्या बंगलेवाल्यांवर कधी धागा काढलात का?

करदाता
वैयक्तिक होऊ नका.

मायमराठी
तीनशे मीटरवर महापालिकेची मराठी शाळा रिकामी पडलीय आणि इथे बलून कुठे ठेवायचा यावर काथ्याकूट. चालू द्या.

नकाशेवाला
@मायमराठी, अवांतर. पण 'शाळा जवळ' यावरून एक सांगायचं राहिलं. ब्रोशरमध्ये बाजूच्या मोकळ्या भूखंडावर 'प्रस्तावित शाळा' लिहिलेलं असतं. तो बहुतेकदा विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा तुकडा. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे संपलं. मग तिथे टॉवर येतो. भाग नकाशा आणि झोन दाखला स्वतः काढून बघा, विक्री कार्यालयातल्या थर्माकोलच्या शाळेवर जाऊ नका. जाहिरातीत स्पष्ट आश्वासन असेल तर रेराच्या (बिल्डरांवरचा नियामक कायदा) कलम १२ खाली भरपाई मागता येते, पण त्यासाठी ती जाहिरात जपून ठेवलेली हवी.

बिनव्याजी
@त्रिज्या, मान्य. "हद्द नसते" हे ७५ टक्के जागांपुरतं वाचा, झालं समाधान? पण तुमच्याच मुद्द्याचं पुढचं पान: ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती रद्द केली. पाच महिन्यांत नियम जाऊन परत आला. ज्यांनी जानेवारीत टोकन दिलं असेल त्यांनी काय करायचं होतं? भाडेकरू निदान खोली बदलू शकतो.

त्रिज्या
म्हणूनच 'घर शोधणारे' लिहिलं, 'विकत घेणारे' नव्हे. नीट वाचत चला.

सातासमुद्रापार
रीसेलचं कुणीच बोललं नाही. भाव तर येतोच ना?

बिनव्याजी
येतो, पुढच्या गिऱ्हाइकानेही तीच यादी वाचली असेल तर. मधल्या काळात शाळेने परीक्षा मंडळ बदललं किंवा फी दुप्पट केली की...

करदाता
फी मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. २०११ चा फी नियमन कायदा आहे, वाढ दोन वर्षांतून एकदाच. आधी नियम वाचा. :)

त्रिज्या
हे बरोबर आहे. नाइलाजाने.